दुसरा मच्छीमार

पंचेचाळिशीनंतर अभिनयाला लागलेल्या आणि आजवर ग्रंथालयाच्या नोंदींखेरीज काही न लिहिलेल्या माणसाने स्वतःबद्दल लिहावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहितो.

"सर, तुम्ही एम.ए. आहात हे तोंडावर दिसत नाही. म्हणून तर घेतलंय."

मुंबईहून आलेला सहायक दिग्दर्शक हे हसत म्हणाला. जागा कुरखेड्याजवळचा आमचाच तलाव. चित्रपट परदेशी, जुन्या काळातल्या एका गोऱ्या शिकाऱ्याचा. मी उघडा, अंगाला चिखल फासलेला. भूमिकेचे नाव 'दुसरा मच्छीमार'. माझ्या तोंडी वाक्य कोणते, एवढेच मी विचारले होते.

"वाक्य कशाला? काहीतरी जंगली बडबडा. अर्थ नको."

मी मान डोलावली. हा माझा चौथा परदेशी चित्रपट. याआधी हमाल, पहारेकरी, वाघाने नेलेला माणूस. अपमान गिळायला माझ्याकडे एक आधार होता. चंद्रपूरला शिकत असताना फिल्म सोसायटीत मी जुने कृष्णधवल इंग्रजी चित्रपट पाहिले. त्यांत एक दुय्यम नट वारंवार दिसे. कधी अरब उंटवाला, कधी चिनी आचारी, कधी हिंदू नोकर. तीच हनुवटी, तेच वाकणे. मागे उभा राहूनही माणूस लक्षात राहतो, असे मला वाटे. मी त्याला गुरू मानले. तो प्रत्येक देशाच्या वेषात तेच निरर्थक आवाज काढत होता, हे मात्र मी कधी कान देऊन ऐकलेच नाही.

दृश्य सुरू झाले. तलावाच्या पाळीवर, बांधावर, पसरलेले जाळे माझ्या वडिलांचे. मीच हौसेने घरून आणलेले. आम्हा ढिवर मच्छीमारांच्या घरात जाळे कोणी ओलांडत नाही. रांगते पोरही उचलून बाजूने नेतात. नायक बुटांसकट त्यावरून चालत आला. मी हात जोडले. दात काढले. बडबडलो. दिग्दर्शकाने अंगठा दाखवला.

गर्दी म्हणून बसवलेल्या गावच्या बायांमधून माझी आई उठली.

"बाबू, तुह्या बापाचं जाळं ओलांडलं त्यानं. अन् तू हासून राह्यला काऊन?"

शेजारची म्हणाली, "लय शिकला ना बाई तो. त्याले काय कळते!"

दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा, असा हुकूम आला. नायक निघाला. बूट जाळ्यापाशी आला, तेव्हा मी आडवा उभा राहिलो.

"जाळं ओलांडू नोका, साहेब. बाजूनं या."

कॅमेरा थांबला. हा काय म्हणतो, असे दिग्दर्शकाने इंग्रजीत विचारले.

"काही नाही," सहायक म्हणाला. "बडबड."

मग मीच इंग्रजीत सांगितले. बडबड नाही. वाक्य आहे. माझे आहे. अर्थासकट घ्या, नाहीतर मला घेऊ नका.

घेतले नाही. दुपारपर्यंत दुसऱ्या एकाला चिखल फासला गेला.

तेव्हापासून झोप धड लागत नाही. पहिल्या वेळी मी हसलो होतो. ते चित्रित झाले आहे, पसंतही पडले आहे; चित्रपटात ते राहीलच. ते पुसण्याचा अधिकार मला नाही. यापुढे मी मागे उभा राहीन, हमाल होईन, वाघाच्या तोंडी जाईन. निरर्थक आवाज मात्र काढणार नाही. एकही नाही.

तो चित्रपट कधीतरी तुमच्या गावी लागेल. माझी बडबड ऐकून तुम्ही हसाल का?