अध्यक्षांच्या आठ पेट्या

मेलेल्या माणसाची आमच्या काकांइतकी काळजी कुणी घेतली असेल, असं मला वाटत नाही. काका म्हणजे माझे सख्खे-चुलत कुणी नव्हेत. ऐंशीच्या दशकात मी मिनेसोटातल्या एका लहान गावात एम.एस. करत होते, आणि परदेशात आपल्याला जो वरणभात वाढतो तो काका. हे गृहस्थ तिथल्या पाणीखात्यात पंचवीस वर्षं पाइप मोजून रिटायर झाले होते. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पार्टटाइम काम करायचे, तिथं ते फुकट राबायला येत. शंभर वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीचे एक अध्यक्ष होते, मेथडिस्ट पंथाचे, छातीपर्यंत दाढी असलेले. त्यांच्या पत्रांच्या आणि भाषणांच्या आठ पेट्या तळघरात पडून होत्या. काकांनी त्यांची यादी करायची, ती मे महिन्यात छापायची, आणि पहिल्या पानावर यादी करणाऱ्याचं नाव यायचं, असं ठरलं होतं. काकांचा सगळा जीव त्या पहिल्या पानात अडकला होता. "पंचवीस वर्षं या गावाला पाणी पाजलं," ते म्हणत, "एका तरी नळावर माझं नाव आहे का?"

वाचनखोलीत ते बूट बाहेर काढून मोज्यांवर जात. लायब्रेरियन बाईंना आधी वाटलं, यांचे पाय दुखतात. मग बिचारीनं दारात चटईच टाकली. रोज बारा पानं, पोथी वाचावी तशी. ना एक कमी, ना एक जास्त. आणि बोलणं सगळं वर्तमानकाळात. "अध्यक्षांचा खोकला काही हटत नाही," असं एकदा त्यांनी इतक्या काळजीनं सांगितलं, की आमच्यातल्या एका डॉक्टरनं औषध सुचवलं. अध्यक्षांना पत्त्यांचा तिटकारा, म्हणून काकांनी शनिवारची रमी कॅन्सल केली.

"काका, पण ते तर केव्हाच वारले ना?" मी विचारलं.

"अजून नाही. मी पाचव्या पेटीत आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत भिंग घेऊन काकू बसलेल्या असत. अध्यक्षांच्या काळात कागदाची एवढी काटकसर, की पान भरलं की ते आडवं धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचं. अमेरिकन मुलं ते जाळं बघूनच पळत. काकू लहानपणी वडिलांकडे मोडी शिकलेल्या, त्यांना त्याचं काय! काका वाचत, "कॉलेजात बारा चर्च आली." काकू म्हणत, "अहो, चेअर आल्या. खुर्च्या. चर्च कुठून येतील?" काका घसा खाकरून दुरुस्ती करत. संध्याकाळी घरी काकूच यादीची कार्डं टाइप करत. काका त्यांना "अगं" म्हणत. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज मिनेसोटाच्या थंडीतही शाबूत होता. त्याच सवयीनं त्यांनी अध्यक्षीणबाईंच्या सगळ्या कागदांवर एकच लेबल लावलं होतं: 'अध्यक्षांच्या पत्नी, घरगुती'.

मुलींना कॉलेजचे दरवाजे उघडताना अध्यक्षांनी केलेलं भाषण काकांना तोंडपाठ होतं. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी ते आरतीआधी म्हणून दाखवलं होतं. आठव्या पेटीत, लोणच्याच्या कृतींखाली, काकूंना त्या भाषणाचा कच्चा खर्डा सापडला. अक्षर अध्यक्षीणबाईंचं होतं. काकांचा चेहरा उतरला.

"त्यांनी सांगितलं असेल, तिनं लिहून घेतलं असेल," ते म्हणाले.

काकूंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सांगितलेलं लिहिणारी बाई मधेच शब्द खोडून त्याहून चांगला शब्द घालते होय?" त्या हळूच म्हणाल्या. "ही विचार करत लिहितेय. मला कळतं ते."

काका दोन दिवस लायब्ररीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आणि आठही पेट्या पुन्हा उघडून बसले. त्यांना बाईंचं नाव हवं होतं. पत्रांखाली सगळीकडे नवऱ्याच्याच नावाची सही. शेवटी बाईंच्या शाळेतल्या एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ते सापडलं. काकांनी जुनी लेबलं ओली करून एकेक सोडवली आणि बाईंच्या नावाची नवी स्वतःच्या हातानं लिहिली. मला हसू आलं नाही. पहिल्यांदाच.

मग लायब्रेरियन बाईंनी पहिल्या पानासाठी फॉर्म दिला: यादी करणाऱ्याचं नाव. वर्षभर ज्याची वाट बघितली, तो कागद काका नुसताच बघत बसले. घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून परत दिला. मी विचारलं नाही. त्याच महिन्यात शिक्षण संपवून मी कॅलिफोर्नियाला गेले. काका-काकूंशी पत्रव्यवहार होता. मग तोही कमी झाला. आता दोघंही नाहीत.

गेल्या वर्षी त्या गावाला जाणं झालं. मोज्यांवर वाचनखोलीत गेले, यादी मागवली. पहिलं पान उघडलं. दोन नावं होती, आणि काकांचं खाली होतं.

वरचं नाव मी दोनदा वाचलं. कोण ही? दोन वर्षं मी त्या घरी जेवले. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी डबे पाठवले, तापात रात्रभर उशाशी बसल्या, आणि मी त्यांना कधी नाव विचारलं नव्हतं. मी काकांना हसत होते!

सुमती. त्यांचं नाव सुमती होतं.