भोंग्यांची सोयरीक

माझ्या बापाच्या आवाजाबद्दल मी सांगतो त्यातलं अर्धंच खरं धरा, तरी तुम्ही आजवर ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा तो मोठाच निघेल. बाप आमच्या गावचा कोतवाल होता. वडनेरहून पायी जाता येईल असं गाव, मधून नाला, नाल्याच्या पलीकडे गाव आणि अलीकडे आमचा मोहल्ला. गावातली दवंडी बापाची. चावडीपुढे उभा राहून त्याने 'ऐका हो' म्हटलं की शेवटच्या घरातली बहिरी म्हातारी चूल सोडून दारात यायची. एकदा वारा हिंगणघाटाकडे वाहत होता, तर तिथल्या गिरणीतल्या माणसांनी पाळी सुटली समजून अंगात सदरे घातले म्हणे. मी काही पाहिलं नाही. पण ज्याने पाहिलं त्याच्याकडून बापाने ऐकलं आणि बापाकडून मी, म्हणजे मधे खोटं शिरायला जागाच कुठे आहे?

तर हा असा आवाज, आणि तो त्या हिवाळ्यात बसला. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढचा हिवाळा. आधी खरखर, मग घोगरेपणा, मग नुसती हवा. माय हळदीचं दूध देत राहिली. मी वर्ध्याला रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. बापाला तिकडे बोलावून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आहे, वाईट आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. काढली तर माणूस वाचेल, बोलणं मात्र संपलं. आणि उशीर केला तर माणूसही जाईल.

मी हे बापाला सांगायला शब्द जुळवत होतो, तर तो दाराआड उभा राहून सगळं ऐकूनच बसला होता. कोतवालाचे कान ते. डॉक्टरांना म्हणाला, "रविवारी मले बोलाचं हाय. सोमवारी येतो, मंग कापा."

डॉक्टर रागावले. रविवार आठवडाभर लांब होता. पण बाप हलला नाही.

रविवारी आमच्या मोहल्ल्यात दीक्षेचा कार्यक्रम होता. नागपूरला ज्यांना जाता आलं नव्हतं ते सगळे आता घेणार होते, आणि आजूबाजूच्या गावांतली आपली माणसं येणार होती. त्यात बापाला बोलायचं होतं ते एकच: कोतवालकी सोडली. दवंडी नाही, मेलेलं ढोर ओढणं नाही, साहेबाच्या घोड्यापुढे धावणं नाही. चावडीवर जाऊन त्याचं हे दोनदा सांगून झालं होतं. पाटील दोन्ही वेळा हसला आणि 'बरं बरं, सकाळी येजो' म्हणाला, आणि सकाळी बोलावणं आलंच. बापाचं म्हणणं असं की चावडीवर सांगितलं म्हणजे एका कानाला सांगितलं, आणि तो कान पाटलाचा. साऱ्या गावाच्या कानावर पडलं पाहिजे, जशी दवंडी पडते. मग कोणी 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणू शकत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम ज्या आवाजात सांगितले त्याच आवाजात स्वतःचं एक सांगायचं, आणि मग आवाज गेला तर जाऊ दे. अडचण एवढीच होती की आवाज आधीच गेल्यात जमा होता.

म्हणून माझ्याकडे पाहिलं गेलं. माझ्याकडे ॲम्प्लिफायर होता.

त्याला ॲम्प्लिफायर म्हणणं हा माझा मोठेपणा. तीन मेलेल्या रेडिओंच्या पोटातून काढलेल्या सामानाचा, बिस्किटाच्या डब्यात बसवलेला जीव तो. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि तापला की त्यावर पापड भाजता यायचे. ताकद अगदी बेताची. त्याच्या पाठीमागे तीन स्क्रू होते: चार, आठ, पंधरा. भोंग्यावरही असाच आकडा लिहिलेला असतो. पंधराचा भोंगा पंधराच्या स्क्रूला, दोन पंधराचे जोडले तर आठाच्या. ही सोयरीक जुळवून करावी लागते, पत्रिका न पाहता केली तर डबा तरी जळतो नाही तर भोंगा तरी मुका राहतो. जुळली तरी दुसरी गोष्ट उरतेच: डब्यात आवाज आहे तेवढाच आहे. एका भोंग्याला दिला तर एकाचं पोट भरतं. चौघांत वाटला तर चौघं उपाशी.

हे मला कळत होतं. पण माझ्या मामाला कोण सांगणार? मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ, कार्यक्रमाचा पुढारी, आणि अंगाने असा की बैलगाडीत चढला की बैल मागे वळून बघायचे. आमच्याकडे तेव्हा एक रीत पडली होती. कार्यक्रमाला येताना गावोगावच्या मंडळींनी आपापला भोंगा आणायचा आणि मैदानात आपल्या बांबूवर चढवायचा. लग्नाला जसा आहेर, तसा भोंगा. ज्याचा भोंगा वाजला नाही त्या गावाचा मान गेला. मामाने मोठ्या मनाने सगळ्यांनाच निरोप धाडून ठेवले होते. शनिवारी दुपारी नाचणगावचे लोक आले ते पितळेसारखा चकाकणारा लांब भोंगा घेऊन. नालवाडीच्यांनी तंबूतल्या सिनेमाचा स्पीकर लाकडी पेटीसकट उचलून आणला होता. वडनेरचा भोंगा पोचे पडलेला होता, पण तो बैलाच्या झुलीत गुंडाळून आणला होता. चौथा माझा स्वतःचा. प्रत्येकाचा आकडा निराळा, नालवाडीचा तर अगदीच लहान.

मी मामाला म्हटलं की एवढे लागणार नाहीत.

"काऊन? भोंगे वाढले का आवाज वाढंन."

मी म्हटलं की वाढत नाही, कमी होतो. मामा सगळ्यांकडे बघून हसला. पोरगा वर्ध्याले जाऊन उलटं शिकून आला, असं म्हणाला आणि स्वतः बांबू रोवायला लागला.

चारही जोडून पाहिले. नालवाडीच्या पेटीने जवळपास सगळी वीज आपल्याकडे ओढून घेतली आणि घुं घुं करत बसली. नाचणगावचा भोंगा शिंकल्यासारखा झाला. वडनेरचा तर झुलीतच बरा होता. डब्यातल्या व्हॉल्वचं, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या दिव्याचं, पोट आतून लाल व्हायला लागलं, तशी मी धावत जाऊन तार उपटली. माईकपुढे बाप बोलत होता, ते कोणालाच ऐकू आलं नव्हतं. त्यालाही कळलं. तो गळ्यावर हात ठेवून बसला. त्या दिवशी त्याच्याजवळ बोलणं मोजकंच होतं आणि त्यातलं थोडं आम्ही असं फुकट घालवलं.

मग मी सगळे सोडवले आणि माझा एकटा भोंगा पंधराच्या स्क्रूला लावला. बाप माईकला ओठ लावून नुसतं 'हं' म्हणाला, आणि काय सांगू, तुरीतले पोपट असे उठले की आभाळ हिरवं झालं. वडनेरकर मंडळींच्या बैलांनी दावी तोडली. हे मात्र मी स्वतः पाहिलं.

आता प्रश्न दिशेचा होता. भोंग्याला एकच तोंड असतं. ते नाल्यापलीकडे गावाकडे वळवलं तर मैदानातल्या आपल्या माणसांना पाठ. आपल्या माणसांकडे वळवलं तर गावाला काही नाही. शिवाय इतका बारीक आवाज उचलायला डबा पूर्ण उघडावा लागायचा, आणि भोंग्याचं तोंड माईककडे आलं की तो शिट्टी मारायला लागायचा. दोन भोंगे दोन दिशांना लावून पाहिले, दोन्हीकडे अर्धमेला आवाज. नाला ओलांडण्याइतका नाही. मला रडू यायचं राहिलं होतं. जी माणसं दहा कोसांवरून चालत येणार, त्यांना बापाच्या नुसत्या हलत्या ओठांकडे बघत बसवायचं, की ज्या गावाने आयुष्यभर राबवून घेतलं त्याला ऐकवायचं? मामा म्हणाला आपली माणसं आधी. माय म्हणाली, काही नको, आजच दवाखान्यात चला.

बापाने मला जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून म्हणाला, "गावाकडं फिरव. आपल्याले कुजबूज पुरते."

"पण लोक?" मी विचारलं. "अन् त्यायचे भोंगे?"

"चढव ना बांबूवर. कोनाले मना केलं?"

आणि डोळा बारीक केला. मी थापा मारायला कोणाकडून शिकलो असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर हे त्याचं उत्तर.

रविवारी सकाळी नाचणगावचा, नालवाडीचा, वडनेरचा, तिन्ही भोंगे ज्याच्या त्याच्या माणसांसमोर वाजतगाजत चढवले. तिघांच्याही तारा मैदानातून सरळ आणून डब्याच्या मागे गोणपाटाखाली घेतल्या आणि तिथे एका विटेला गाठ मारून ठेवल्या. विटेइतकी चांगली सोयरीक मी नंतर कधी जुळवली नाही. ना तापली, ना घुंघुंली. माझा भोंगा मागच्या बाभळीवर, तोंड गावाकडे.

लोक आले. किती आले ते सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळ्यांनी मिळून म्हटलं त्यामुळे भोंग्याची गरजच पडली नाही. मग मामाने सांगितलं की आता आमचे दाजी बोलतील, आणि त्यांचा घसा बरा नाही, तेव्हा तान्ह्या लेकरालाही रडू देऊ नका.

एवढी माणसं एवढी गप्प बसलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. बायांनी हातातल्या काकणांवर दुसरा हात धरला होता. मी डब्यापाशी बसलो होतो, एक बोट व्हॉल्वजवळ, तो लाल होतो की काय म्हणून. छातीत धडधड अशी की ती माईकमधून गावात ऐकू जाईल असं वाटलं. बाप उभा राहिला. पांढरा सदरा, गळ्याला मफलर.

"ऐका हो ऐका. तुमचा कोतवाल बोलून राह्यलो. ही माही शेवटची दवंडी. उद्यापासून मी नाई, माहा पोरगा नाई, आमच्या मोहल्ल्यातलं कोनी नाई. ज्याची दवंडी त्यानं द्यावी. ज्याचं ढोर त्यानं वढावं. हो..."

तो शेवटचा 'हो' त्याने जुन्या सवयीने लांबवायला घेतला आणि मधेच फुटला. नुसता वारा राहिला. पण भोंग्याने तो वारासुद्धा उचलला आणि नाल्यापलीकडे नेऊन टाकला. कुठलंतरी कुत्रं भुंकलं. एवढंच. बाप खाली बसला आणि पाणी मागितलं, तेही खुणेने.

मैदानातल्या लोकांनी शब्द न् शब्द ऐकला होता. गप्प बसल्यामुळे ऐकला होता, पण हे कोणाला सांगायचं? संध्याकाळी भोंगे उतरवताना नाचणगावकर म्हणाले की आमचाच वाजला, बाकीचे नुसते लटकत होते. नालवाडीकरांनी हे ऐकलं आणि तिथे भांडण जुंपलं. वडनेरच्या म्हाताऱ्याने पोचे पडलेल्या भोंग्याला झुलीत गुंडाळता गुंडाळता मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की जुना असला तरी गोड आहे. मी म्हटलं, काका, तुमच्यासारखा दुसरा नाही. वीट मी पायाने बाजूला सरकवली.

पण गावाने ऐकलं का, ते कळायला मार्ग नव्हता. पलीकडून कोणी आलं नाही, काही आवाज नाही. माय म्हणाली, वारा उलटा होता. मामा काहीच म्हणाला नाही, आणि मामा गप्प बसला म्हणजे चिंता किती मोठी ते ओळखावं. बाप जेवला नाही. गिळता येत नव्हतं की दुसरं काही, हे मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दवाखान्यात जायला गाडी जुंपत होतो. दर सकाळी याच वेळेला चावडीवरून बोलावणं यायचं. माय नाल्याच्या वाटेकडे बघत उभी होती. कोणी येत नव्हतं. बाप गाडीत गवतावर बसला, डोळे मिटून, आणि मी बैलांना हाकणार तेवढ्यात त्याने माझा दंड धरला.

नाल्यापलीकडून आवाज येत होता. दवंडीचा. पाटलाचा सालदार होता तो, मी ओळखला. चावडीची बैठक आहे, सगळ्यांनी यावं, असं काहीसं ओरडत होता. चिरका, घाबरलेला आवाज, दर शब्दाला अडकणारा. पाटलाच्या घरच्या माणसाला स्वतः दवंडी द्यावी लागत होती.

माय हात जोडून कोणाला तरी नमस्कार करत होती. ती बापाला म्हणाली की आता जाताना बुद्धाचं नाव घ्या, शेवटचं बोलणं ते असू द्या.

बापाने मान हलवली. पण कान तिकडेच होते. सालदार पुन्हा अडकला, तशी त्याने कपाळाला आठ्या घातल्या, मला वाकवलं, आणि त्या गळ्यात जे काही उरलं होतं ते सगळं गोळा करून म्हणाला,

"त्याले म्हना, पोटातून काढ."