अण्णांना फोन आलाय

फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या मागं जळकी वाळू टाकायची जागा असते. रोज दोन-चार घमेली पडतात, कुणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस बघावं तर टेकाड उभं! आमच्या अण्णांच्या मोबाइलचे किस्से असेच साठले. शिरोली एमआयडीसीत मी स्टोअरकीपर होतो, अण्णा मोल्डिंगचे, म्हणजे साचे बनवायच्या खात्याचे फोरमन. चहाला आम्ही चौघंजण एकत्र बसायचो आणि अण्णांवर खदाखदा हसायचो. आज तेच किस्से सांगायला लागलो की तोंड कडू होतं. तरी सांगतो.

*

फोन घेतला तो लेकीसाठी. वैशाली एकुलती एक, बी.कॉम.ला होती. "स्थळं याय लागल्यात. कुनाचा कवा फोन येईल, नेम हाय का?" असं म्हणून अण्णांनी विटेएवढा जाड मोबाइल घेतला आणि सगळ्या खात्याला पेढे वाटले.

त्याआधी अण्णा रोज संध्याकाळी तिला कॉलेजवरून स्कूटरवर बसवून उचगावला घरी न्यायचे. वाटेत बापलेकीची अखंड बडबड. फोन आल्यावर ते बंदच पडलं. गाडी चालवताना फोन वाजला तर कळत नाही, म्हणून अण्णा बसनं जायला लागले! पोरगी दोन वर्षांत सासरी जाणार होती. तेवढ्यात तिला बापाशी चार शब्द बोलायचे होते, आणि बापाला फोनवर.

*

खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा करायचो. अण्णांनी तिथं मोबाइल ठेवला. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत! आरती निम्म्यात आली आणि देव वाजायला लागला. अण्णांनी ताम्हन माझ्या हातात कोंबलं, फोन तसाच कानाला लावला आणि बाहेर पळाले.

राँग नंबर होता. अण्णांचा कान दिवसभर पिवळा!

*

मोल्डिंगच्या शेडात रेंज नव्हती. जवळची रेंज पाण्याच्या टाकीखाली. म्हणून दर दहा मिनिटांनी अण्णा टाकीखाली. "मेसेज अडकला असंल तर सुटंल," म्हणायचे.

एकदा भट्टीतनं लोखंडाचा रस काढून ठेवलेला, साचे तयार, आणि 'ओता' म्हणायला अण्णाच जाग्यावर नाहीत. ते येईपर्यंत रस गार झाला. अख्खा माल भंगारात. मॅनेजर लालबुंद होऊन आले.

"अण्णा, एवढा कुणाचा फोन होता?"

"कंपनीचा होता, साहेब."

"आपल्या कंपनीचा?"

"न्हाई, मोबाइलच्या. कॉलर ट्यून लावा म्हनत हुती ती बाई. लई चांगलं बोलत हुती!"

*

मग एसएमएसचं वेड आलं. सकाळी सुविचार, दुपारी विनोद, संध्याकाळी परत सुविचार. एकदा चहाला माझ्या मांडीला मांडी लावून बसलेले, आणि माझा फोन टूं टूं. बघतो तर अण्णांचा मेसेज, 'शुभ प्रभात, मित्रा'.

"अवो अण्णा, मी हितंच बसलोय की!"

"व्हय रं. पन गेला का बघ की!"

*

हा किस्सा आठवला की अजून संताप येतो.

गेटवर कामगारांना बाहेर सोडायचे पास अण्णा सह्या करून द्यायचे. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात पेन, वर न बघता सही ठोकायची आणि "जा" म्हणायचं. एक दिवस वैशाली निकाल घेऊन थेट गेटवरच आली. बसमधनं उतरून पळत आली असावी, दम लागला होता तिला. अण्णा फोनवर. तिनं हसत हसत मार्कलिस्टची झेरॉक्स त्यांच्यापुढं धरली.

अण्णांनी सही केली. "जा," म्हणाले.

पोरीनं ती सहीची झेरॉक्स घडी घालून पिशवीत ठेवली. मग माझ्याकडं आली. "काका, फर्स्ट क्लास मिळाला म्हणून सांगा त्यांना." आणि तशीच गेली. मी तासाभरानं अण्णांना गाठून चांगलं झापलं. म्हटलं, लाज वाटते का काही? पोरगी एवढ्या लांब सांगायला आली!

अण्णा म्हणाले, "एवढ्या लांब कशाला यायचं? मेसेज करायचा की!"

*

आता आमच्याबद्दल सांगतो, कारण आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो.

वैशालीला बघायला आजऱ्याची मंडळी येणार होती. स्थळ उत्तम. मुलगा शिक्षक, माणसं साधी. रविवार होता. आम्ही तिघं टपरीवर बसलेलो, आणि कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला. कॉइन बॉक्सवरून अण्णांना फोन लावायचा, त्यांनी हॅलो म्हटलं की ठेवून द्यायचा. हसून हसून पोट दुखलं. तिसऱ्यांदा मीच लावला.

तिकडं काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं. पोहे आले, पोरगी आली, आणि अण्णा दर वेळी "एक मिनिट हां" म्हणत अंगणात. एकूण पाच वेळा उठले. मुलाचे वडील शेवटी टोपी घालून उभे राहिले. "साहेब, तुम्ही कामातलं मानूस. बापालाच सवड न्हाई, तर आमी कुनाशी बोलायचं?"

पाचातले तीन फोन आमचे होते, हे मी अण्णांना आजतागायत सांगितलेलं नाही. वैशालीलाही नाही. हिंमत झाली नाही, दुसरं काय!

*

लग्न पुढच्या वर्षी झालं. सांगलीचं स्थळ तिच्या मामानं जमवलं. अक्षता पडल्या, जेवणं उरकली, पाठवणीची वेळ झाली. गाडी फुलांनी सजून दारात उभी. वैशाली सगळ्यांच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि बाप कुठं दिसेना. वहिनींनी मला शोधायला पिटाळलं.

अण्णा कार्यालयामागं फोनवर. लग्नाला येऊ न शकलेले लोक अभिनंदन करत होते. मी हात धरून ओढलं, "अण्णा, पोरगी निघाली!" त्यांनी एक बोट वर केलं. एक मिनिट. असली तीन मिनिटं झाली. मी एकटाच परत आलो.

वरपक्षाची घाई चाललेली. कुणीतरी वैशालीला गाडीत बसवलं. मी काचेपाशी गेलो, मला तोंड वर करवेना. तिनं डोळे पुसले. म्हणाली, "असू दे, काका. ह्यांच्या मोबाइलवरनं लावते त्यांना. फोन तरी उचलतील."

गाडी गेली. धूळ बसते न बसते तोच अण्णा धावत आले. फेटा सुटलेला, घामाघूम. मोकळ्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "गाडी कुठं हाय?"

एवढ्यात फोन वाजला. अण्णांनी नंबर बघितला. अनोळखी. तोंडावर लगेच तेज आलं, फेटा सावरला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो! कोन बोलतंय? हॅलो! काय ऐकू येईना, पावणं. ठेवा आता, मला दुसरा फोन याय लागलाय!"