बटणाहून लहान गाठ

शिंपीकाकांनी स्कॅन करून घेतला हृदयाचा, आणि सापडली फुप्फुसातली गाठ.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ चार मिलिमीटरची, बहुतेक जुन्या संसर्गाचा व्रण. घाबरू नका. वर्षाने तपासणीला पुन्हा या."

"म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान!" काका गुरगुरले. "गाठीला मी कशाला घाबरू? गाठ नसली तर दोरा निसटतो."

घरी येऊन त्यांनी काकूंच्या रिकाम्या खुर्चीला सगळं सांगितलं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलं नव्हतं, म्हणून कापडाच्या खडूने तारीख भिंतीवरच लिहिली. गिऱ्हाइकांना दिलेल्या तारखा त्यांनी जन्मभर चुकवल्या. ही चुकवायची नव्हती. काकू गेल्यापासून त्यांना 'पुन्हा या' असं कुणी म्हटलंच नव्हतं.