तिसऱ्या मजल्यावरची दिवाळी

संपात गिरणी बंद पडली आणि वडिलांनी लालबागची खोली सोडून मुलुंडला घर घेतलं. तिसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं. मधलं आमचं, मालवणकडचं. एका बाजूला कच्छी जैन म्हातारी, तिला सगळी बिल्डिंग बा म्हणायची. दुसऱ्या बाजूला ट्रकचे सुटे भाग विकणारे सरदारजी, माझे पाजी. फराळाची ताटं तिन्ही घरांतून फिरायची. दिवाळी मात्र तिघांची वेगवेगळी आहे, हे कॉलेजात जाईपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी पाजींची मोठी बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. आदल्या वर्षी दिल्लीत शिखांची घरं जाळली, त्यात तिचा नवरा गेला. ती कुणाशी फारसं बोलत नसे. जिन्यात पावलं वाजली की आत जाऊन दाराआड उभी राहायची. दिवाळी जवळ आली तसे फटाके सुरू झाले. खाली एखादा सुतळी बॉम्ब फुटला की माझं लक्ष आपोआप त्यांच्या दाराकडे जायचं.

नरकचतुर्दशीला पहाटे आई मला उटणं लावत होती. कुणीतरी फाटकापाशी लवंगी माळ लावली. ती संपता संपेना. थोड्या वेळाने पाजींनी आमचं दार ठोठावलं. केस मोकळे, पगडी नाही. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. बहीण घरात नव्हती. तिच्या चपला दाराशीच होत्या.

मी उटणं लागलेल्या अंगानेच उठून उभी राहिले. आई म्हणाली, "आधी तिका शोध, आंघोळ मगे."

पाजी गुरुद्वाऱ्याच्या दिशेने धावले, वडील स्टेशनकडे गेले, मी बाजाराकडे. रांगोळ्या ओलांडत, धुरातून वाट काढत जाताना प्रत्येक पांढरी ओढणी मला तिचीच वाटत होती. काय म्हणून हाक मारायची तेही कळेना. आणि सापडलीच तर तिला 'शुभ दिवाळी' तरी कशी म्हणायची.

ती मला बाजारामागच्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात सापडली. आत खांबाला टेकून बसली होती, शेजारी बा जपमाळ ओढत होती. बाचा दोन दिवसांचा उपवास होता. दर्शनाला निघालेल्या बाला ती जिन्यात अनवाणी, कान झाकून बसलेली दिसली. बाने तिला हाताला धरून बरोबर नेलं. तिथे फटाके नव्हते. जीव मरतात म्हणून बाच्या घरचं कुणीच फटाके वाजवत नसे.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. संध्याकाळी आम्ही तिन्ही घरची माणसं सामाईक गॅलरीत पणत्या मांडत होतो. पाजींची बहीण बाहेर आली आणि तिने आईला विचारलं, तुम्ही दिवे कशासाठी लावता. आईने नरकासुराची गोष्ट सांगितली. पाजी म्हणाले, आजच्या दिवशी आमचे गुरू कैदेतून सुटून आले, सोबत बावन्न राजांना सोडवून. बाने सांगितलं, या रात्री महावीर निर्वाणाला गेले, जगातला मोठा उजेड गेला, म्हणून लोकांनी छोटे दिवे लावले.

तिने ताटातली एक पणती उचलली. मग ती म्हणाली, "मैं कौनसा जलाऊँ?"

बा म्हणाली, "अमारावाला जला, बेटी. वो जानेवाले के वास्ते होता है."

पाजींना ते आवडलं नाही. आपल्या घरी आज सुटकेचा आनंद असतो, दुखवट्याचा दिवा कशाला, असं ते पंजाबीत तिला समजावू लागले. समजावता समजावता वाक्य अर्धवट सोडून ते आत निघून गेले. ती पणती लावू लागली. वारं होतं, वात धरेना, म्हणून मी हाताचा आडोसा धरला. समोरच्या बिल्डिंगमधून रॉकेट सुटलं तशी तिने माझं मनगट घट्ट पकडलं, पण ती आत गेली नाही.

होळीच्या आधी ती दिल्लीला परत गेली. पाजींनी खूप विनवलं. तिचं म्हणणं होतं, जळालेलं असलं तरी ते तिचं घर आहे, आणि तिथे वर्षाहून जास्त काळ कुणी दिवा लावलेला नाही. पुढे तिची खुशाली पाजींकडून कळायची. नंतर तेही मुलुंड सोडून गेले.

मी दर दिवाळीत पणत्या लावते. आई विचारायची, एवढी घाई कसली, नीट बसून लाव. खाली फटाके सुरू होण्याआधी मला सगळ्या लावून व्हायच्या असतात. काडी ओढली की वाटतं, आता यातली कुठली कुणासाठी, ते आधी ठरवायला हवं. आणि ते ठरायच्या आत खाली फटाक्यांची माळ लागते, आणि माझा हात आपोआप वातीला आडोसा धरतो.