तळपायांचा रंग

थंडीत माझे पाय जांभळे पडतात. बोटांपासून घोट्यापर्यंत, अगदी वांग्यासारखे. रायपूरची थंडी ती केवढी, जेमतेम दोन महिन्यांची पाहुणी, पण माझ्या पायांना तेवढी पुरते. मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन मला अकरा वर्षं झाली. आता लोकांना हा आजार समजावून सांगायचाही कंटाळा येतो. कुणी विचारलं तर 'पायाचं दुखणं आहे' म्हणते आणि चहाचं विचारते. खरं तर दुखण्याची तक्रार नाहीच. डाव्या तळपायाला दोन वर्षांपासून काहीच कळत नव्हतं, आणि हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

आमचे हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बंद पडलेली वस्तू बंदच राहणार, हे त्यांना अजून मान्य नाही. चौबे कॉलोनीतल्या निम्म्या घरांचे मिक्सर आमच्या व्हरांड्यात येऊन दुरुस्त होऊन गेलेत. बायको काय, तीही दुरुस्त होईलच, असा त्यांचा हिशेब.

मागच्या वर्षी कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की या आजारात शिरा चोंदतात, त्या मोकळ्या केल्या की माणूस तुरुतुरु चालायला लागतो. झालं! मला वॉकरसकट रिक्षात बसवून हे डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी माझ्या मेंदूची फिल्म उजेडात धरली. पांढरे ठिपके होते, आणि काही ठिपक्यांच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ. ती शीर, म्हणाले. या आजारातली सूज पुष्कळदा अशा बारीक शिरेभोवतीच सुरू होते. पण शीर चोंदलेली नाही, आणि मानेतल्या शिरा मोकळ्या करून हा आजार हटत नाही, ते करून पाहून झालंय. पायांचंही त्यांनी सांगितलं. रक्तवाहिन्यांनी कधी आकसायचं, कधी उघडायचं, हा हुकूम वरून, मेंदूतून येतो. माझ्यात तो वाटेतच गडबडतो, म्हणून पाय गार आणि जांभळे. मोजे घाला, म्हणाले, पण शेकू नका. एवढं शेवटचं मी नीट ऐकलं. आमचे हे तोवर फिल्म पिशवीत भरत होते.

घरी आल्यावर यांनी काशाची वाटी काढली. आमच्याकडे विदर्भात तळपायाला तूप चोळून काशाची वाटी घासतात, त्यानं अंगातली उष्णता निघते म्हणतात. उष्णता काढायची वाटी गार पायांना कशाला, हे विचारायची सोय नव्हती. "वरून हुकूम नाही येत त आपण खालून हलवू," हे म्हणाले. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला हे पाटावर बसायचे, माझा पाय मांडीवर घ्यायचे आणि अर्धा तास घासायचे.

"समजून राहिलं का?"

"हव."

"बरं वाटते?"

"हव, लय बरं वाटते."

उजव्याला थोडंफार कळायचं. डाव्याच्या बाबतीत मी धडधडीत खोटं बोलत होते. का बोलले? आजारी माणसाला रोज घरात एक नवी वाईट बातमी द्यायचा वीट येतो, हे एक. दुसरं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. साऱ्या संसारात या माणसाला आधी ड्युटीतून, मग मिक्सरांतून माझ्यापाशी स्वस्थ बसायला कधी फावलं नव्हतं. आता बसत होता. कळत नाही म्हटलं असतं तर वाटी ठेवून उठून गेला असता.

जानेवारीत पाय फारच गार पडायला लागले, तेव्हा यांनी वाटीऐवजी मिठाची पोटली तव्यावर तापवून आणली. डॉक्टरांचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"जास्त गरम त नाही ना?"

"नाही, चांगलं वाटते."

मग काय, यांनी मनसोक्त शेकलं. थोड्या वेळानं ओरडलेच, "पाय पहा तुझा! गुलाबी झाला! रक्त आलं न!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मीही हसले. लगेच मुलीला फोन गेला.

सकाळी तळपायावर पुरीएवढा फोड होता. मुलगी गावातल्याच तेलीबांध्याहून धावत आली. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर नेहमी हिंदीत. "आई, इतना जल गया और तुमको पता ही नहीं चला?" ती म्हणाली. मी भिंतीकडे बघत राहिले. दारात हे मलम घेऊन उभे होते.

त्यानंतर पट्टी रोज यांनीच बदलली, पण माझ्याकडे न बघता. पट्टी झाली की बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीपुढे बसायचे. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, ते मला त्या तीन आठवड्यांत कळलं. पाय भाजला ते कळलंसुद्धा नव्हतं. त्यांचं हे न बघणं मात्र चांगलंच लागलं, आणि रागही आला, त्यांचा थोडा आणि माझा पुष्कळ.

शेवटी एका संध्याकाळी मीच हाक मारली. "अहो, दोन वर्षं झाली. डाव्या पायाले काहीच समजत नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त बसले असते का तुम्ही?"

आता हे उठतील, असं मला वाटलं. त्यांनी पाट ओढला आणि पट्टीच्या वर, घोट्यावर बोट टेकवलं.

"इथं?"

"नाही."

बोट पोटरीवर सरकलं. "इथं?"

"नाही."

गुडघ्याच्या वाटीवरही नाही. गुडघ्याच्या वर चार बोटं गेल्यावर मला त्यांच्या बोटाचा खरखरीतपणा कळला.

"हव," मी म्हटलं.

"खोटं त नाही बोलून राहिली?"

"नाही."

"मंग इथंच ठेवतो हात," असं म्हणून हे बसून राहिले.