कातरीवरचा कर

आमच्याकडं मेंढरं कातरायची ती सावडीनं. आज सगळे आमच्या कळपावर, उद्या आम्ही त्यांच्या. गेल्या साली आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताला लकवा मारला. लोक आमची मेंढरं कातरून गेले, पण आबा त्यांच्या पंगतीला बसले नाहीत. "उद्या ह्यांच्याकडं कोन्त्या तोंडानं जाऊ म्या?" एवढंच म्हणाले.

डाव्या हातानं त्यांनी करून पाहिलं होतं. पण आपली कातर उजव्या हाताची. डाव्यात धरली की लोकर कापायची सोडून ओढते, मेंढरू तडफडतं. मोबाईलवर शोधता शोधता डावखुऱ्यांची कातर सापडली ती थेट परदेशातल्या दुकानात. किंमत बघून मी शून्यं दोनदा मोजली. खरा आकडा सांगितला असता तर आबांनी ती मागवूच दिली नसती. म्हणून दिलं ठोकून, "तीनशे रुपये."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कातरणी तोंडावर आलेली आणि पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकलेलं. दिवसातून वीसदा मोबाईल उघडायचो, बायको वैतागली. मग कळलं की कातरीवर सीमाशुल्क लागलंय, वर जीएसटी. पोस्टमन पार्सल देताना पैसे घेणार आणि पावती देणार. त्या पावतीवर कातरीची किंमतही असणार! आता पार्सल येत नाही याची धास्ती होती आणि येईल याचीही. पोस्टमनला आडवं जाऊन सांगितलं, माझ्याच हातात द्या. कराचे पैसे खिशात घेऊन आठवडाभर फिरलो. आबा रोज सकाळपासून रस्त्याकडं डोळे लावून बसतात, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी जवळा बाजार या गावी पेंड आणायला गेलो आणि नेमकं तेव्हाच पार्सल आलं. परतलो तर आबा लिंबाखाली, मांडीवर कातर, हातात पावती. कर त्यांनी कनवटीच्या पैशातून भरला होता. पावती पोस्टमनकडून वाचून घेतली होती.

मीच आधी तोंड सोडलं. "एवढा कर! लूट हाय नुसती."

"कराचं काय घेऊन बसला? मेंढरं दुसऱ्याच्या शिवारात घातली की आपुनबी देतोच की कायबाय. ते बराबर हाय." त्यांनी पावती माझ्यापुढं धरली. "पर तीनशे काहून सांगितलं? हात गेला माझा. अक्कल गेली काय?"

लाज वाटली.

"धर ते मेंढरू," आबा म्हणाले.

मी धरलं. कातर चालली, मेंढरू हललंसुद्धा नाही.

चार दिवसांनी सावडीला आबा माझ्याआधी निघाले. पाच मेंढरं कातरली आणि पंगतीला बसले. कुणी कातरीचं विचारलं की पुरी किंमत सांगायचे, कर धरून, एक रुपया न सोडता. आणि दर वेळी माझ्याकडं बघायचे.